संगणकाची बाराखडी कोणत्या पुस्तकातून?

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावात एखाद्या घरी पहिलावहिला संगणक यावा, ही गोष्ट आता अशक्य कोटीतील राहिलेली नाही. कधी तो मुलीच्या पुढील शिक्षणासाठी हप्त्यांनी घेतलेला असतो, कधी शहरातील नातेवाइकाने वापरून बाजूला ठेवलेला. यंत्र घेताना घरची माणसे चार ठिकाणी चौकशी करतात, किमतीची घासाघीस करतात, जाणत्याला सोबत नेतात. पण ते यंत्र शिकवणारे पुस्तक निवडताना यांपैकी काहीच घडत नाही. तालुक्याच्या बाजारात वह्या-पाट्यांच्या दुकानात जे हाती लागेल ते घेतले जाते. पुष्कळदा तेही नाही. मग काही महिन्यांत त्या संगणकावर चित्रपट पाहिले जातात, गाणी ऐकली जातात आणि उरलेला वेळ त्यावर भरतकामाचे झाकण असते. दोष यंत्राचा नाही आणि घरच्या माणसांचाही नाही. पहिले पुस्तक चुकले, हे त्याचे खरे कारण आहे.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते, तेथे संगणकाच्या पुस्तकाची चर्चा कशाला, असेही कोणी विचारील. परंतु याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले, हे विसरता येत नाही. म्हणजे येथील माणसांची नोंद संगणकात फार लवकर झाली. संगणक मात्र त्यांच्या घरात पोचला नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी कुटुंबांत हेच प्रमाण २३.४ टक्के होते. शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, पीकविमा, सातबारा हे सारे यंत्रावर गेले, आणि ज्याच्यासाठी ते गेले तो मात्र सेवा केंद्रातील चालकापुढे कागद घेऊन उभा राहिला. पूर्वी गावात एकच माणूस लिहिता-वाचता असे आणि सारे गाव त्याच्या दाराशी जाई. तीच अवस्था नव्या रूपात परत येऊ द्यायची की नाही, हा येथील मूळ प्रश्न आहे. पहिल्या पुस्तकाचे महत्त्व त्या संदर्भात ओळखले पाहिजे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांत काय शिकवावे याचा विचार मांडला होता. मोडी आणि बालबोध लिहिता-वाचता यावे, हिशेब यावा, शेतीचे प्राथमिक ज्ञान मिळावे, आरोग्य व नीती यांचे साधे धडे असावेत, अशी त्यांची मागणी होती. तिच्यामागचे सूत्र स्पष्ट होते. शिकणाऱ्याच्या आयुष्यात उद्या सकाळी जे उपयोगी पडेल, तेथून शिक्षणाचा आरंभ व्हावा. संगणकाच्या पहिल्या पुस्तकाला याहून वेगळी कसोटी लावण्याचे कारण नाही.

बाजारात मिळणारी पुस्तके या कसोटीवर घासून पाहिली, तर त्यांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग परीक्षेच्या पुस्तकांचा. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली आणि त्यानंतर एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमाने लक्षावधी तरुणांना संगणकासमोर बसवले, हे मान्य केले पाहिजे. सरकारी नोकरीच्या अटींत त्या प्रमाणपत्राला स्थान मिळाल्यामुळे खेड्यापाड्यांतील मुलेही त्या वर्गांकडे वळली. तथापि परीक्षेचे पुस्तक परीक्षेसाठी असते. प्रश्न ज्या क्रमाने येणार त्या क्रमाने त्याची मांडणी असते. घरी एकट्याने बसलेल्या माणसाची अडचण त्याच्या गावी नसते. दुसरा वर्ग संगणकाच्या इतिहासापासून सुरू होणाऱ्या पुस्तकांचा. बॅबेज, पिढ्यांची कोष्टके, अंतर्गत भागांची नावे यांत पन्नास पाने खर्ची पडतात आणि वाचकाला अद्याप एक पत्रही लिहिता येत नसते. तिसरा वर्ग एखाद्याच कंपनीच्या आज्ञावलीची बटणे क्रमाने दाखवणाऱ्या पुस्तकांचा. पडद्यावरची बटणे बदलली की असे पुस्तक रद्दीत जमा होते.

मग निवड कशी करावी? दुकानात उभ्या उभ्या करता येतील अशा काही साध्या परीक्षा आहेत.

पहिली परीक्षा पुस्तकाच्या वयाची. मुखपृष्ठावर विश्वास न ठेवता आतील पानावरचे आवृत्तीचे वर्ष पाहावे आणि घरातील यंत्रावर कोणती प्रणाली आहे ते आधी लिहून न्यावे. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुनी यंत्रे त्यानंतरही चालू राहतात. पण त्यांची सुरक्षितता कमी होते. शहरातून खेड्यात येणारी बरीच यंत्रे याच जातीची आहेत. अशा यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवता येते आणि तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, एवढी गोष्ट जे पुस्तक सांगत नाही, ते गरीब वाचकासाठी लिहिलेले नाही असे समजावे.

दुसरी परीक्षा भाषेची. मराठी पुस्तक म्हणजे काय, याविषयी दोन्ही बाजूंनी गोंधळ आहे. काही पुस्तकांत क्रियापदे तेवढी मराठी आणि बाकी सारे इंग्रजी असते. उलट काही लेखक ‘फाइल’ला ‘धारिका’ आणि ‘माउस’ला ‘मूषक’ करून वाचकापुढे आणखी एक परकी भाषा ठेवतात. ज्या मुलाच्या घरात अहिराणी, गुजरी, भिल्ली किंवा पावरी बोलली जाते, त्याने शाळेतील मराठी मोठ्या कष्टाने आपलीशी केलेली असते. त्याच्यावर संस्कृतचा तिसरा डोंगर लादणे हा अन्याय होय. पडद्यावर जो शब्द दिसतो तोच पुस्तकात असावा, आणि त्याचा अर्थ साध्या मराठीत शेजारी सांगितलेला असावा. पडद्यावर ‘सेव्ह’ आणि पुस्तकात ‘जतन’ असेल, तर नवशिका दोहोंच्या मध्ये अडकतो.

तिसरी परीक्षा देवनागरी लेखनाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पुस्तक उघडून पाहावे : त्यात आपल्या गावाचे नाव आपल्या लिपीत कसे लिहायचे, हे शिकवले आहे काय? ‘कळसाडी’ हा शब्द इन्स्क्रिप्ट कळफलकावर सहा टिचक्यांत लिहून होतो : क, ळ, स, काना, ड, दुसरी वेलांटी. जो क्रम उच्चारात, तोच बोटांत. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि ‘ल’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ळ’, अशी ही मांडणी आहे. १९८६ साली ती भारतीय भाषांसाठी प्रमाण म्हणून ठरवली गेली आणि आज ती बहुतेक संगणकांत मुळातच असते. वेगळी विकत घ्यावी लागत नाही. याउलट रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची जी पद्धत सर्रास शिकवली जाते, तिच्यात मुलाला आधी स्वतःच्या गावाचे इंग्रजी स्पेलिंग जुळवावे लागते आणि मग ‘ल’ आला की ‘ळ’, हे पाहत बसावे लागते. स्वतःच्या भाषेत लिहिण्यासाठी दुसऱ्या लिपीची परवानगी घ्यावी लागावी, हे कोणत्याही पहिल्या पुस्तकाला शोभत नाही.

चौथी परीक्षा कामाची. पुस्तकाच्या पहिल्या चाळीस पानांत वाचकाच्या हातून काय होते? तहसीलदाराला किंवा गटविकास अधिकाऱ्याला अर्ज लिहिता येणे, तो साठवून आठ दिवसांनी पुन्हा सापडणे, पपईच्या किंवा मिरचीच्या एका हंगामाचा बियाणे, खत आणि मजुरीसकट जमाखर्च मांडून त्याची बेरीज यंत्राकडून करवून घेणे, २०१८ पासून उपलब्ध असलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा स्वतः उतरवून घेणे, या गोष्टी ज्यात आहेत ते पुस्तक खरे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या मुलीने आईच्या हजेरीचे आणि मिळालेल्या पैशांचे कोष्टक महिनाभर मांडले, तर त्या घरात संगणकाला स्थान मिळते.

पाचवी परीक्षा चुकांची. चांगल्या पुस्तकात, यंत्र अडले तर काय करावे, चुकून पुसलेले परत कसे मिळवावे, आणि सांकेतिक शब्द व मोबाइलवर येणारा ओटीपी कोणालाही का सांगू नये, यांसाठी स्वतंत्र पाने असतात. शेवटी विषयसूची असते. ज्या पुस्तकात सारेच सुरळीत चालते, ते लिहिणाऱ्याने नवशिक्याला कधी जवळून पाहिलेले नसते.

यावर एक आक्षेप हमखास येईल की, आता पुस्तकांची गरजच काय? मोबाइलवर शेकडो चित्रफिती फुकट आहेत. चित्रफितींचा उपयोग आहे, यात शंका नाही. पण चित्रफीत बनवणाऱ्याच्या गतीने चालते, शिकणाऱ्याच्या नाही. तिच्यात नेमकी अडलेली गोष्ट शोधणे अवघड, आणि एक संपताच दुसरीच काही तरी पुढे येते. पुस्तक संगणकाच्या शेजारी उघडे पडून राहते, बोट ठेवलेल्या ओळीवर थांबते, वीज गेली तरी वाचता येते, आणि मोठ्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे जाते.

तथापि, हा सारा भार एकेका कुटुंबावर टाकणे योग्य नाही. पुस्तक चांगले की वाईट हे शिकून झाल्यावर कळते. शिकण्यापूर्वी ते ठरवायचे असते, हीच तर नवशिक्याची अडचण. अशा ठिकाणी समाजाने पुढे व्हायचे असते. ब्रिटनमध्ये १९८१-८२ साली बीबीसीने संगणक-साक्षरतेची मोहीम हाती घेतली, तेव्हा यंत्र, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम आणि पुस्तके यांचा एकत्र विचार केला होता. तेच बीबीसी मायक्रो संगणक १९८४-८५ पासून ‘क्लास’ या योजनेतून भारतातील निवडक शाळांत आले. पण त्यांची आज्ञाभाषा इंग्रजी होती, आणि गावच्या भाषेतील पुस्तके त्यांच्याबरोबर आली नाहीत. केरळने पुढे वेगळा मार्ग धरला. २००१ साली सुरू झालेल्या तेथील शालेय उपक्रमाने मुक्त आज्ञावली स्वीकारली आणि मलयाळम भाषेत संगणकाची पाठ्यपुस्तके मुलांच्या हाती दिली. केरळला जे साधले ते महाराष्ट्राला असाध्य असण्याचे काहीच कारण नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, आणि पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे बालभारतीही त्याच वर्षीची. १९९२ पासून राज्य मराठी विकास संस्था आहे. या तिघांच्या क्षेत्रात बसणारे हे काम आहे : घरी एकट्याने शिकणाऱ्यासाठी एक स्वस्त, मुक्त हक्काचे, दर दोन वर्षांनी सुधारले जाणारे मराठी पुस्तक, आणि त्याच्या प्रती गावोगावच्या ग्रंथालयांत. शासनाने हे मनावर घेईपर्यंत गावानेही हात बांधून बसू नये. ज्या घरांत संगणक आहे अशी चार घरे एकत्र आली, प्रत्येकाने वेगळे पुस्तक घेण्याऐवजी ती सर्व ग्रंथालयात वा शाळेत ठेवली, आणि शिकून झालेल्या मुलीने शेवटच्या कोऱ्या पानावर ‘येथे मी अडले होते, असे सुटले’ एवढे लिहून ठेवले, तर दोन वर्षांत त्या गावाचे स्वतःचे पुस्तक तयार होईल. जे पुस्तक माणसाला चालकाच्या खिडकीपुढून उठवून स्वतःच्या यंत्रासमोर बसवते, त्याचीच निवड करावी. आणि असे पुस्तक बाजारात नसेल, तर ते लिहिले जावे अशी मागणी करावी.