सोडण्यापुरताही हक्क

भाऊबंदकीतील भांडण मराठी समीक्षेच्या चांगले परिचयाचे आहे. बहिणी-बहिणींचे मात्र तिने फारसे मनावर घेतलेले नाही. तिच्या लेखी बहीण म्हणजे माहेरची ओढ. आणि ओढ म्हटली की प्रश्नच मिटला! ही समजूत किती अपुरी आहे, ते मुकुटबनच्या एका तेरवीत आम्हांला उमगले.

पंगती उठल्या होत्या. आईचे लुगडे कोणी न्यायचे, एवढ्यावरून दोघी प्रौढ बहिणींत शब्द वाढला आणि पाहता पाहता १९९९च्या वाटणीपाशी येऊन ठेपला. त्या वेळी धाकटीने भावासाठी हक्क सोडून दिला होता. थोरलीची सहीदेखील कोणी मागितली नव्हती. "तुयापाशी सोडाले तरी काही होतं," थोरली म्हणाली. धाकटीला तो टोमणा वाटला. आम्हांला वाटला नाही. जमीन दोघींनाही मिळालेली नव्हती. पण एकीच्या त्यागाचे माहेरी कौतुक झाले, दुसरीपाशी त्यागण्याजोगेही काही नव्हते.

हे अंतर स्वभावाने पाडलेले नाही. १९९४ साली महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. पण त्या वर्षी २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. थोरलीचे लग्न १९९२चे, धाकटीचे १९९६चे. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद पुसला खरा, परंतु २० डिसेंबर २००४पूर्वीच्या नोंदणीकृत वाटण्या तशाच राहिल्या.

याच जिल्ह्यात, पारव्याला जन्मलेल्या महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तही (१९८५) वडिलांच्या मृत्यूनंतर कुटुंब जमते. पण तिथे प्रभा ही एकटीच बहीण. त्यामुळे ताण उभा राहतो तो भावांमध्ये आणि जावांमध्ये. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांच्या ‘दोघी’त (१९९५) धाकट्या कृष्णेच्या लग्नासाठी थोरली गौरी घरी येते, तेव्हा दोघींमधली भिंत घराने आणि गावाने आधीच बांधून ठेवलेली असते. आमच्या मते बहिणींच्या तेढीचे मूळ बहुधा असेच, तिसऱ्याच कोणाच्या निर्णयात असते. तिला ‘बायकी कुरबूर’ म्हणून बाजूला सारणारा समीक्षक तो निर्णय वाचायचाच विसरतो.

यापुढे कथेत दोन बहिणी भांडताना दिसल्या, की विद्यार्थ्यांना आम्ही आधी त्यांच्या लग्नांची वर्षे शोधायला लावणार आहोत. लुगडे, जाता जाता सांगायचे तर, भावजयीने ठेवून घेतले.