आपोआप न कळणारी चूक

फेब्रुवारी २००६ मध्ये बीबीसी आणि ऑक्सफर्डचा ‘क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट’ प्रकल्प यांनी मिळून एक प्रयोग सुरू केला. घरोघरच्या संगणकांनी रिकाम्या वेळात १९२० ते २०८० या काळातल्या हवामानाचे गणित करायचे होते. एप्रिलमध्ये लक्षात आले, की सल्फेट प्रदूषणाची आकडेवारी असलेली फाइल मॉडेलमध्ये नीट घेतलीच जात नव्हती. सल्फेटचे कण ऊन परतवून तापमानवाढीला थोडा आवर घालतात. ते हिशेबातून गळल्यामुळे संगणकातली पृथ्वी वाजवीपेक्षा भराभर तापत होती. स्वयंसेवकांना पुन्हा १९२० पासून सुरुवात करावी लागली. अशा चुकीत संगणक बंद पडत नाही, एररही येत नाही. गणित सुरळीत चालते, चुकते ते फक्त उत्तर. काम सदोष असल्याचे स्वयंसेवकाने कधी कळवावे, याचा विचार इथूनच करायला हवा. प्रकल्पाच्या सर्व्हरला जे आपोआप कळते ते कळवण्याची घाई नको. जे त्याला कधीच कळणार नाही, ते मात्र लगेच कळवले पाहिजे.

बर्कलेत तयार झालेल्या ‘बॉइंक’ या व्यवस्थेवर असे बरेच प्रकल्प चालतात. तिथे संगणकाला वाटून दिलेले काम मध्येच कोसळले, तर त्याची नोंद सर्व्हरकडे आपोआप जाते आणि तेच काम दुसऱ्या कोणाला दिले जाते. पुष्कळ प्रकल्प एकच काम मुळातच दोघांना देतात आणि उत्तरे जुळली तरच ती स्वीकारतात. म्हणून पहिली एरर दिसताच तक्रार करण्यात अर्थ नाही. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर त्या कामाच्या पानावर इतरांचे काय झाले, ते आधी पाहावे. त्यांचे काम पूर्ण झाले आणि आपलेच कोसळले, तर दोष बहुधा आपल्याकडे असतो: ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर, खराब रॅम, जुना ग्राफिक्स ड्रायव्हर. पण वेगवेगळ्या संगणकांवर तेच काम कोसळले, किंवा एकाच मालिकेतली कामे ओळीने कोसळू लागली, तर कळवायला थांबू नये. सर्व्हर प्रत्येक कामाची अपयशे सुटी मोजतो. त्यांतले साम्य आधी माणसाच्या नजरेला दिसते.

अडकलेले काम जास्त फसवे. टक्केवारी नव्याण्णवच्या पुढे जाते आणि तिथेच रेंगाळते. एवढ्यावरून काम बिघडले असे म्हणता येत नाही, कारण प्रोग्राम स्वतःची प्रगती सांगत नसेल तर बॉइंक अंदाजाने आकडा दाखवते. कामाच्या माहितीत दोन वेळा असतात, एक सुरू झाल्यापासूनची आणि दुसरी प्रोसेसरने प्रत्यक्ष खर्च केलेली. पहिली वाढतेय आणि दुसरी जागची हलत नाही, बॉइंक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही तेच, तर काम अडकले आहे. अनेकजण अशा वेळी ते मुकाट्याने अबॉर्ट करतात. सर्व्हरला काम रद्द झाल्याचे कळते, कारण कळत नाही, आणि तेच काम दुसऱ्याच्या संगणकावर जाऊन त्याची वीज जाळते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रकल्प चालवणारे गट छोटे असतात. हजारो लोक लिहू लागले, तर संशोधन कोण करणार? पण हा भार अर्धवट तक्रारींचा असतो. ‘तुमचे काम चालत नाही’ एवढ्याने कोणाचेच भले होत नाही. कामाचे पूर्ण नाव, ऑपरेटिंग सिस्टीम, ग्राफिक्स कार्ड, एरर नोंदीच्या शेवटच्या ओळी आणि इतर संगणकांवर काय झाले, एवढे दिले तर दोष शोधायला मोठी मदत होते. कोणी आधीच कळवले असेल, तर त्याच तक्रारीला आपली भर घालावी. दुसरा आक्षेप असा, की वीज आणि यंत्र दिले, आता चुका शोधणे शास्त्रज्ञांचे काम. ते त्यांचेच आहे, यात वाद नाही. मात्र त्यांच्या प्रयोगशाळेत लाखो प्रकारचे संगणक नसतात. विशिष्ट ड्रायव्हरवरच उफाळणारा दोष त्यांना तपासणीत दिसेलच असे नाही, तो ज्याच्या घरी घडतो त्यालाच दिसतो. आणि उत्तरे जुळण्याच्या भरवशावर राहणेही बरे नाही. मूळ फाइलच चुकलेली असेल, तर दोन संगणक एकमेकांशी तंतोतंत जुळणारे चुकीचे उत्तर देतील. म्हणून निकालाचा आलेख दिसत असेल आणि तो अविश्वसनीय वाटला, तर तज्ज्ञ नसलेल्यानेही विचारावे. शंका चुकीची निघाली, तर उत्तर द्यायला चार ओळी लागतील. त्याबरोबर प्रकल्पांनीही मागे घेतलेल्या कामांची यादी त्याच दिवशी जाहीर करावी, म्हणजे उरलेल्यांना ती कामे वेळीच थांबवता येतील.