अडगळ, आजी आणि गोळ्यांचा डबा

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ७८ वर्षांच्या एका आजींना तपासायला त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या खोलीतून बाथरूमकडे जाणारा एक अरुंद बोळ होता. त्याच्या एका बाजूला सुतळीने बांधलेले रद्दीचे गठ्ठे आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याची ट्रंक. ट्रंकेवर मिक्सरचं रिकामं खोकं आणि त्या खोक्यावर आणखी एक खोकं. "डॉक्टर, जरा सांभाळून हं, पसारा आहे," आजी म्हणाल्या. मीही हसून म्हटलं, "असू दे हो आजी, कुणाच्या घरात नसतो?" अंग चोरून पलीकडे गेले, हात धुतले, ब्लडप्रेशर तपासलं, गोळीचा डोस बदलला, चहा घेतला आणि निघाले.

दीड महिन्याने त्यांच्या मुलाचा फोन आला. पहाटे तीनला लघवीला उठल्या, गठ्ठ्याच्या सुतळीत पाय अडकला आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पुढचे तीन महिने अंथरुणात आणि खुर्चीत गेले. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. देवळात जाणं बंद झालं ते झालंच.

त्या दिवशी मी गोळी लिहून दिली, पण "आजी, ही वाट आजच मोकळी करून घ्या" एवढं एक वाक्य बोलले नाही. पसारा हा त्यांच्या घरचा प्रश्न, त्यात डॉक्टरने कशाला नाक खुपसायचं, असं मला वाटलं होतं. ते चुकीचं होतं. म्हणून आज तुमच्या घरातल्या अडगळीबद्दल लिहितेय. रागावू नका.

पडणं ही किरकोळ गोष्ट नाही. जगभरात अपघाती इजांमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांखालोखाल पडण्याचा नंबर लागतो, आणि त्यात साठीपुढची माणसं सर्वांत जास्त असतात. तरुण माणूस ठेचकाळला तर पुढचं पाऊल पटकन टाकून सावरतो. उतारवयात ते जमत नाही. झोपेतून एकदम उठल्यावर रक्तदाब खाली येतो, प्रेशरच्या काही गोळ्यांनी तो आणखी उतरतो. मोतीबिंदूमुळे अंधारात दिसत नाही. डायबेटिसमुळे तळपायांची संवेदना कमी झालेली असेल तर पायाला काय लागलं हेच कळत नाही. त्यात रात्री झोपेची गोळी घेतलेली. अशा माणसाच्या वाटेत सुतळी, पायपुसण्याची दुमडलेली कड किंवा टीव्हीची वायर असणं म्हणजे सापळाच. आणि खुबा मोडला की प्रश्न फक्त हाडाचा राहत नाही. पडून राहिल्याने न्यूमोनिया, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा हे सगळं रांगेत उभं असतं.

तेव्हा माझं पहिलं मागणं अगदी छोटं आहे. अख्खं घर आवरू नका. पलंगापासून संडासापर्यंतची वाट तेवढी बघा. वॉकर किंवा काठी घेतलेला माणूस तिथून सरळ चालत जाऊ शकतो का? तिरकं व्हावं लागत असेल तर तिथलं काहीतरी आज हलवायचं. रात्रभर एक मंद दिवा चालू ठेवायचा.

आता वळू या कपड्यांकडे, गाद्यांकडे आणि त्या दिवाणाकडे, ज्याच्या पोटात काय आहे हे घरात कुणालाच नक्की आठवत नाही. सकाळी उठल्याबरोबर सात-आठ शिंका येणारी मुलं घेऊन पालक येतात. "थंड पाण्याने होतं का? केळ्याने होतं का?" असं विचारतात. मी विचारते, "झोपतो कशावर?" जुन्या गाद्या, उशा, गोधड्या यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे राहतात. आपल्या त्वचेचे गळून पडणारे कण हे त्यांचं अन्न आणि दमट हवा त्यांना मानवते, म्हणजे मुंबई-कोकणात त्यांची चंगळच. त्यांच्या विष्ठेची ॲलर्जी हे सर्दीचं आणि दम्याचं एक फार मोठं कारण आहे. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेल्या सहा गाद्या त्याच खोलीत, मुलाच्या डोक्याखाली दिवाणात असतील, तर मी दिलेल्या स्प्रेने किती फरक पडणार? चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, आणि झोपायच्या खोलीतलं कापड कमी करा. गोधडी आजीच्या हातची असेल तर ठेवा, पण एक ठेवा, नऊ नकोत.

इथे एक उलटी सूचनाही देते, कारण दरवर्षी नवरात्राआधी आणि दिवाळीआधी माझ्याकडे दम्याच्या पेशंटची रांग लागते. माळ्यावरची वर्षभराची धूळ एका दुपारी खाली आणली की असंच होणार. ज्याला दमा आहे त्याने हे काम करायचंच नाही. त्या दिवशी त्याला बाहेर पाठवा. बाकीच्यांनी मास्क लावा, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. आणि टेबलावर स्टूल, स्टुलावर वहिनी हा प्रकार कृपा करून बंद करा. मनगट मोडून आलेल्या वहिनी मी पुरेशा पाहिल्या आहेत.

गॅलरीतल्या आणि गच्चीवरच्या अडगळीचं गणित वेगळं आहे. फुटकी बादली, टायर, रिकाम्या कुंड्या यांत पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास तिथे अंडी घालतो. ही अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि पाणी सुकल्यावरही कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही. भांडं घासायला हवं, नाहीतर भंगारवाल्याला द्यायला हवं. कोकणात घरामागच्या विटांच्या आणि लाकडांच्या ढिगात विंचू असतात हे तिकडच्या लोकांना मी सांगायला नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले, ही आपल्या वैद्यकशास्त्रातली मोठी गोष्ट आहे. पण ढीग घरापासून लांब असेल तर त्या औषधाची वेळच सहसा येणार नाही.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच अडगळीवर आहे. ती असते बिस्किटांच्या जुन्या डब्यात. मी पेशंटना सांगते, पुढच्या वेळी येताना घरातली सगळी औषधं घेऊन या. मग तो डबा येतो. त्यात अर्ध्या सोडलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या, तळाशी साखर जमलेलं खोकल्याचं औषध, दोन वर्षांपूर्वी उघडलेले डोळ्यांचे थेंब (उघडल्यावर हे साधारण महिनाभरच वापरायचे असतात), मुलासाठी पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिक सिरप (ते बहुतेक वेळा आठवडाभरच चालतं) आणि शेजारणीने दिलेली स्टेरॉइडची ट्यूब. ही ट्यूब नायट्याला लावली की नायटा आधी लपतो आणि मग पसरतो.

एकदा एक काका घामाने डबडबून, थरथरत आले. शुगर ५२. डबा बघितल्यावर उलगडा झाला. आधीच्या डॉक्टरांनी लिहिलेली ग्लिमेपिराइडची पट्टी संपली नव्हती, आणि मी लिहिलेली ग्लिमेपिराइडची पट्टी वेगळ्या कंपनीची, वेगळ्या नावाची होती. काका दोन्ही घेत होते. "पैसे देऊन आणलेली गोळी, वाया का घालवायची?" हा त्यांचा हिशोब. त्यांना मी काय बोलणार? जुनी पट्टी दाखवा आणि टाकून द्या, हे सांगायला मीच विसरले होते.

टाकायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. मुदत संपलेली औषधं, सुया, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर हा घातक घरगुती कचरा आहे आणि घनकचरा नियमांनुसार तो वेगळा द्यायचा असतो. केमिस्ट परत घेतो का ते आधी विचारा. घेत नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहापत्तीत मिसळा, पिशवी घट्ट बांधा आणि वेगळी खूण करून द्या, म्हणजे कचरा वेचणारं कुणी त्या उचलून खाणार नाही. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून.

"हे सगळं कळतं हो डॉक्टर, पण टाकवत नाही." हे मी सगळ्यात जास्त ऐकते, आणि ते खोटं नाही. कानमन, नेट्श आणि थेलर या तीन संशोधकांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितले. ज्यांना मग मिळाला होता ते त्याची किंमत, ज्यांना मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा जवळपास दुप्पट सांगत होते. काही मिनिटांपूर्वी हातात आलेल्या मगाची ही कथा, तर मग चाळीस वर्षं माळ्यावर असलेल्या बंबाचं काय! त्यात आपल्या आईवडिलांच्या पिढीने १९७२चा दुष्काळ पाहिला आहे, रेशनचा मिलो खाल्ला आहे. त्यांचं "असू दे, कधीतरी लागेल" हे अनुभवातून आलेलं आहे. त्यांना वेडं ठरवू नका.

शिवाय त्या काळी वस्तूंना घराबाहेर पडायच्या वाटा होत्या. जुन्या साडीची गोधडी व्हायची, गोधडीचं पायपुसणं. उरलेले कपडे बोहारीण न्यायची आणि आई तासभर घासाघीस करून एक पातेलं मिळवायची. आता वस्तू कुरियरने रोज येतात आणि जायची वाट बुजली आहे. म्हणून मला "जे आनंद देत नाही ते टाका" ही पद्धत फारशी पटत नाही. प्रेशर कुकर मला कधीच आनंद देत नाही, तरी तो लागतो. टाकण्याची मोहीम काढण्यापेक्षा दोन महिने काही नवं मागवलं नाही तर जास्त फरक पडेल, असं माझं मत आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे. नेहमी टापटीप राहणाऱ्या माणसाच्या घरात अचानक पसारा वाढायला लागला, तर टोमणे मारू नका, डॉक्टरांना दाखवा. ते नैराश्य असू शकतं, स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. आणि काहींना साठवण्याचा आजारच असतो. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत त्याला स्वतंत्र आजार म्हणून स्थान मिळालं. पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही इतकं सामान साठतं, आणि एक रिकामी बाटली टाकायची म्हटलं तरी जीव कासावीस होतो. हा आळस नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरात मुलाने आजोबांना गावी पाठवलं आणि त्या आठवड्यात त्यांची खोली साफ करून टाकली. हेतू चांगला होता. आजोबा परत आले, दारात उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ते खोलीला कुलूप लावतात. सहा महिन्यांत खोली पुन्हा भरली, आता आत कुणाला येऊ देत नाहीत, तपासायला मलाही नाही. या आजारावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ बोलून, हळूहळू, एकेक वस्तू त्या माणसाच्या हातून सोडवत नेतात. पाठीमागून केलेली सफाई हा उपचार नाही.

जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्या वस्तूंबद्दलही मला विचारतात. कपडे, चष्मा, घड्याळ कधी काढायचं याला वैद्यकशास्त्रात मुदत नाही, नातेवाइकांनी ती ठरवू नये. फक्त औषधं लगेच बाजूला करा, कारण कोणीतरी चुकून घेतं. आणि वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी माळ्यावर टाकू नका. कितीतरी गावांत रुग्णसाहित्य केंद्रं अशा वस्तू गरजूंना वापरायला देतात. तुमच्या माळ्यावर जे धूळ खातं आहे तेच कुणीतरी आज दुकानातून विकत घेत असेल.

त्या आजींकडे मागच्या महिन्यात पुन्हा गेले होते. रद्दी गेली, खोकी गेली. ट्रंक मात्र आहे. त्यात यजमानांची पत्रं आहेत आणि ती कुठेही जाणार नाही, हे त्यांनी मला आधीच सांगून टाकलं. मुलाने वॉकरची रुंदी मोजून ती पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीला लावून ठेवली आहे. मी सरळ चालत बाथरूमपर्यंत गेले, हात धुतले आणि मग आजींना म्हटलं, "आता गोळ्यांचा डबा काढा."