आधी भांडं उलटं करा

सोलापूरच्या नवी पेठेत झाकणवाली चिनी मातीची भांडी बघायला गेलं, की नजर आधी नक्षीवर जाते. माझा आग्रह आहे, आधी भांडं उलटं करा. बुडाची जी कडा ओट्याला टेकते तिच्यावर झिलई नसते. तिथं पाण्याचा थेंब सोडा. तो मातीत मुरला तर भांडं कमी आचेत भाजलेलं आहे. अशा मातीत बारीक छिद्रं राहतात, धुताना त्यांत पाणी शिरतं, आणि मायक्रोवेव्ह तापवतो ते मुख्यतः पाणीच. मग भाजी कोमट राहते आणि भांड्याचे कान चटका देतात. साधारण १२०० अंशांपुढे भाजलेलं स्टोनवेअर पाणी पीत नाही. लोणच्याच्या जुन्या बरण्या याच जातीच्या, म्हणून मीठ आणि आंबट वर्षभर सोसतात.

सोनेरी काठाचं भांडं मायक्रोवेव्हसाठी घेऊच नका, ठिणग्या उडतात.

खरी पारख झाकणाची. झाकणाला आतून कडा हवी आणि ते डुगडुगायला नको. आपली भरली वांगी घ्या. शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला भरून, तेल आणि अगदी थोडं पाणी घालून झाकण लावलं, की ती स्वतःच्याच वाफेत शिजतात. ओटीजीत १८० अंशांवर पाऊण तास ठेवायची, शेवटची दहा मिनिटं झाकण काढायचं. तेव्हा कुठं तेल सुटतं आणि मसाला खरपूस होतो. गॅसवर सारखं ढवळून वांगी मोडतात, इथं एकही मोडत नाही. मायक्रोवेव्हमध्ये मात्र झाकण जरा तिरपं ठेवा, वाफेला वाट हवी.

चटणीचे शेंगदाणे मायक्रोवेव्हमध्ये भाजताना मात्र झाकण नकोच. त्यांच्यातला ओलावा बाहेर पडला नाही तर ते मऊ पडतात, आणि मऊ दाण्याच्या चटणीला सोलापूरची म्हणवत नाही. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. तेल पाण्यासारखं शंभर अंशांवर थांबत नाही, त्यामुळे बाहेरून पांढरा दिसणारा दाणा आतून करपलेला निघतो. पसरट भांड्यात एकच थर द्या, मिनिटामिनिटाला हलवा. भांडंही चांगलंच तापतं, फडक्यानं धरा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात उरलेली भाजी फ्रिजमध्येच जाते. ते गार भांडं तसंच तापलेल्या ओटीजीत सारू नका, आणि तापलेलं भांडं ओल्या कडाप्प्यावर किंवा शहाबादी फरशीवर टेकवू नका. एक बाजू आक्रसते, दुसरी फुगलेलीच असते, आणि माती लवत नाही, तडकते. खाली टॉवेलची घडी ठेवा, या गावात टॉवेलला काय तोटा!

खरेदीला निघण्याआधी ओटीजीची आतली उंची पट्टीनं मोजून घ्या, आणि दुकानात भांडं मोजताना झाकणाच्या गुंडीसकट मोजा.