बकासुराची पाळी आणि गवताची काडी
(‘मला वाटतं ते’ : या आठवड्याचं पत्र केळझरहून)

दोस्तांनो,

आमच्या गावात पाहुणा आला, की टेकडीवरच्या सिद्धिविनायकाचं दर्शन झाल्यावर त्याला एक गोष्ट हमखास ऐकावी लागते. “महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे हेच आमचं केळझर बरं का! भीमानं बकासुराला इथंच मारलं.” तिकडे खानदेशात एरंडोलचे लोकही एकचक्रानगरी आमचीच म्हणतात. म्हणू देत. बकासुर दोन्ही गावांना पुरून उरेल एवढा मोठा होता!

अशा राक्षसाच्या गावात राहून मला जादू, राक्षस आणि उडत्या घोड्यांच्या पुस्तकांचं वेड लागलं नसतं तरच नवल. पण बाबांना ते मुळीच पसंत नाही. “ज्याला काम नाही त्यानं लिहायचं आणि ज्याला अभ्यास नाही त्यानं वाचायचं. खोट्या गोष्टी वाचून मिळतं काय?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आजी मात्र माझ्या बाजूची. ती परवा म्हणाली, “वाचू दे ना बाप्पा पोरीले. तुले मी लहानपणी काय खऱ्याच गोष्टी सांगतल्या व्हत्या काय?”

बाबा गप्प झाले. पण गप्प झाले म्हणजे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, असं नाही. म्हणून हे पत्र.

आधी ‘काम नाही’ याबद्दल. नाथमाधव यांची ‘वीरधवल’ ही अद्भुतरम्य कादंबरी १९१३ सालची. तुमच्या पणजोबांच्या पिढीनं ती रात्र रात्र जागून वाचली असेल. ती लिहिण्याच्या काही वर्षं आधी नाथमाधव सिंहगडावर कड्यावरून कोसळले होते आणि त्यांचे पाय कायमचे निकामी झाले होते. ज्याला अंगणात चालता येत नाही, त्या माणसानं हजारो वाचकांना दूरदेशी फिरवून आणलं. याला रिकामपणाचा उद्योग कसं म्हणायचं?

आता बाबांचा खरा प्रश्न. खोट्या गोष्टीतून मिळतं काय?

बकासुराची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो ती अशी : गाडाभर भात, भीम, धपाधप मारामारी, राक्षस खलास. मी सातवीच्या सुट्टीत ती महाभारताच्या मोठ्या पुस्तकात पहिल्यांदा पूर्ण वाचली. तिथं मारामारी थोडी आणि घरातलं बोलणं जास्त! बकासुरानं गावाला पाळी लावून दिलेली. रोज एका घरानं गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस पाठवायचा. राजा काहीच करत नव्हता. पांडव वेष पालटून ज्या ब्राह्मणाच्या घरी राहत होते, त्याची पाळी येते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. सगळे रडतात. तेवढ्यात बोबडं बोलणारं धाकटं पोर गवताची एक काडी उचलतं आणि म्हणतं, मी या काडीनं राक्षसाला मारतो! एवढ्या दुःखातही सगळ्यांना हसू येतं. नेमकी तीच वेळ साधून कुंती पुढे येते आणि म्हणते, मला पाच मुलगे आहेत, त्यातला एक जाईल.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले. कारण सांगते.

मी सहावीत दुसऱ्या गावच्या शाळेत होते. वर्गातला एक दांडगा मुलगा रोज कुणाचा तरी डबा हिसकावून खायचा. रोजची ओढाताण नको, म्हणून आम्हीच ठरवलं, की पाळीनं एकेकानं त्याला डबा द्यायचा. सोमवारी कोण, मंगळवारी कोण, असा कागदच केला. माझं अक्षर चांगलं, म्हणून तो मी लिहिला. वर रंगीत पेनानं समासही आखला! आम्हाला वाटलं, किती छान व्यवस्था झाली. ज्याची पाळी असेल तो उपाशी राहायचा आणि बाकीचे मजेत जेवायचे.

म्हणजे एकचक्रानगरीतलं माझं काम कोणतं होतं? पाळ्यांची यादी लिहिणाऱ्या कारकुनाचं! बकासुर एकटा होता, गाव मोठं होतं. तरी गावानं पाळी मान्य केली, कारण आज पाळी दुसऱ्याची होती. हे मला कुठल्याच खऱ्या चरित्रानं सांगितलं नव्हतं. ते राक्षसाच्या ‘खोट्या’ गोष्टीनं सांगितलं, आणि राक्षस होता म्हणूनच मला ऐकवलं. एरवी कुणी “तू चुकलीस” म्हणालं असतं, तर मी भांडले असते.

तेव्हापासून जादूचं पुस्तक वाचताना मी एक गोष्ट तपासते : यात जादूला किंमत मोजावी लागते का? ‘चांदोबा’ मासिक मराठीत १९५२ साली सुरू झालं. आज ते निघत नाही, पण आजीच्या पेटीत जुने अंक आहेत. त्यातला वेताळ आठवा. उत्तर माहीत असून बोलला नाही, तर राजाच्या डोक्याची शकलं होणार. बोलला, तर मौन मोडलं म्हणून वेताळ पुन्हा झाडावर! राजाला दोन्हीकडून त्रास. म्हणून तर मजा. ‘हॅरी पॉटर आणि परीस’मध्ये शेवटचे दहा गुण छडी फिरवणाऱ्याला मिळत नाहीत. ते मिळतात घाबरट नेव्हिलला, कारण तो आपल्याच मित्रांना अडवायला उभा राहतो. तो प्रसंग मी चार वेळा वाचलाय.

आता हलक्याफुलक्या पुस्तकांकडे वळते. नागपूरचा माझा मामेभाऊ जपानी ‘लाइट नॉव्हेल’ इंग्रजीतून वाचतो. खिशात मावेल असं पुस्तक, मधे मधे चित्रं आणि एकेका कथेचे पुष्कळ भाग. दिवाळीत त्यानं मला तीन वाचायला दिली. दोन्हींमध्ये एक साधा मुलगा जादूच्या जगात जाऊन पडतो आणि पहिल्या वीस पानांत त्याला सगळ्या शक्ती मिळतात. मग तो जिंकतो, पुन्हा जिंकतो, आणखी जिंकतो. वाचताना मजा आली, खोटं कशाला बोलू? पण आठवड्यानं कुठल्या पुस्तकात कुठला मुलगा, ते आठवेना. संध्याकाळी मुरमुरे खायला छान, पण रात्रीचं जेवण मुरमुऱ्यांवर होत नाही.

तिसरं मात्र वेगळं निघालं. ‘री:झीरो’मधल्या सुबारूला ताकद मिळतच नाही. तो मेला, की काळ मागे जातो आणि सगळं पुन्हा सुरू होतं. आधीचं दुःख आठवतं ते फक्त त्याला, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही. त्यात मारामारी आणि रक्त बरंच आहे, म्हणून लहान भावंडांना ते देऊ नका. पण पुस्तक जपानी, हलकं किंवा चित्रांचं आहे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही, हे मला त्यातून पटलं. आईबाबांनाही माझी एवढीच विनंती आहे : पुस्तक काढून घेण्याआधी त्याची वीस पानं वाचून बघा.

गवताच्या काडीनं राक्षस मरत नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पण काडी उचलली गेली, तेव्हाच रडं थांबलं आणि कुंतीला बोलायला जागा झाली. जादूच्या चांगल्या पुस्तकाकडून मला तेवढंच हवं असतं.

हे पत्र पाठवण्याआधी मी बाबांना वाचायला दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. पुस्तकांबद्दल एक शब्द नाही. फक्त विचारलं, “डब्याचं तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस?”

मी म्हटलं, “तेव्हा मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं, बाबा.”

ते जरा वेळ गप्प राहिले. मग आजीला म्हणाले, “आई, ती काडीवाल्या पोराची गोष्ट तू मला नव्हती सांगितली.” आजी म्हणाली, “तू भीम आला का झोपून जाय.”

दोस्तांनो, तुम्ही वाचलेल्या कुठल्या ‘खोट्या’ गोष्टीनं तुम्हाला काही खरं दाखवलं? जरूर लिहून कळवा. आणि तुमच्या वर्गात पाळ्यांचा असा एखादा कागद असेल, तर आधी तो फाडा आणि मग पत्र लिहायला बसा.

तुमचीच,
एक वाचक मैत्रीण, इयत्ता नववी
केळझर (जि. वर्धा)