पट्ट्यातले चुंबक आणि डॉक्टरांचे चुंबक

परीक्षा जवळ आल्या की स्मरणशक्ती वाढविणाऱ्या गोळ्या, तेले आणि चुंबकीय पट्टे यांच्या जाहिराती घरोघरी पोहोचतात. डॉक्टरही मेंदूवर चुंबकाने उपचार करतात, हे कानावर आल्याने काही पालकांना हे पट्टेही खरे वाटतात. म्हणून दोहोंतला फरक सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखविले. आपली मुले ते शाळेत शिकतात. १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हेच तत्त्व मेंदूला लावले. डोक्याबाहेर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला! कवटी न उघडता चेतापेशी चेतविल्या गेल्या होत्या.

असे ठोके वारंवार दिल्यास परिणाम काही काळ टिकतो. सेकंदाला एक ठोका सहसा त्या भागाची उत्तेजितता कमी करतो. पाच किंवा अधिक ठोके सहसा वाढवितात. 'सहसा' अशासाठी की माणसागणिक फरक पडतो. औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत या उपचाराला २००८ मध्ये मान्यता मिळाली. तो आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे चालतो. क्वचित फिट येऊ शकते. डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लियर इम्प्लांट असल्यास तो टाळतात. म्हणूनच तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा.

पट्ट्यातले चुंबक क्षीण आणि स्थिर असते. एमआरआयचे स्थिर चुंबक तर कितीतरी शक्तिशाली असते, तरी त्यातून बाहेर आलेला रुग्ण हुशार झाल्याचे कोणी ऐकले आहे का?

पट्ट्यावर गेलेले पैसे एक वेळ भरून निघतील, गेलेला वेळ निघत नाही. मूल आठवडेच्या आठवडे गप्प असेल, झोप उडाली असेल, खेळही नकोसा झाला असेल, तर ती आळशीपणाची खूण समजू नये आणि 'लोक काय म्हणतील' म्हणून लपवूही नये. ताप आल्यावर जसे डॉक्टरांकडे नेतो, तसेच न्यावे. कोणता उपचार हवा, हे ते ठरवतील. निरोगी मुलाच्या अभ्यासासाठी मात्र पुरेशी झोप, रोजची उजळणी आणि घरातले दोन गोड शब्द यांवरच आमचा भरवसा आहे.