वाचनाचा नेम

ज्या घरात पुस्तके असतात, त्या घरात न वाचलेली पुस्तकेही असतातच. काही वाढदिवसाला भेट म्हणून आलेली, काही स्पर्धेत बक्षीस मिळालेली, तर काही प्रदर्शनातून हौसेने विकत आणलेली. पहिली चार पाने चाळून झाली, की ती कपाटात जातात आणि तेथेच त्यांच्यावर धूळ साचते. पुस्तके आणून ती न वाचता साठू देण्याच्या या सवयीला जपानी भाषेत ‘त्सुंदोकु’ असा स्वतंत्र शब्दच आहे. तेव्हा ही खोड एकाच देशातली नाही, हे उघड आहे.

तिच्यावर उपाय म्हणून कित्येक वाचक वर्षारंभी एक पैज स्वीकारतात. नवे पुस्तक आणण्यापूर्वी घरातील न वाचलेली अमुक इतकी पुस्तके वाचून संपवायची, अशी ती पैज. ती स्तुत्य खरी. पण ती कोणाशी लावायची, हे आधी ठरले पाहिजे. दुसऱ्याशी लावली, की आकड्यांची शर्यत सुरू होते. मग जाड ग्रंथ मागे पडतात, पातळ पुस्तके पुढे येतात, पाने भराभर उलटली जातात आणि मनात काहीच उरत नाही. म्हणून पैज स्वतःशीच लावावी. अशा पैजेलाच आपल्याकडे नेम म्हणतात.

नेमाचे सामर्थ्य महाराष्ट्राला नवे नाही. ज्ञानेश्वरीच्या अठरा अध्यायांत सुमारे ९,००० ओव्या आहेत. तरीही गावोगावच्या सप्ताहांत सात दिवसांत तिचे पारायण पूर्ण होते. ठरलेल्या वेळी ठरलेला भाग वाचायचा, एवढेच त्यातील रहस्य. रोज केवळ १० पाने वाचणाऱ्याची वर्षाला ३,६५० पाने वाचून होतात. म्हणजे प्रत्येकी २०० पानांची १८ पुस्तके! डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी पुस्तक हाती घेणे सोपे असते. खरी कसोटी १६ ऑक्टोबरला लागते.

मात्र नेमाची शिक्षा होऊ देऊ नये. मन लावून तीस-चाळीस पाने वाचूनही एखादे पुस्तक रुचले नाही, तर ते बाजूला ठेवण्यात कमीपणा नाही. पण त्याला पुन्हा कपाटात कोंडू नये. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा त्यांतील पहिला नियम. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा तिसरा. एका घरात धूळ खात पडलेल्या पुस्तकाची वाट दुसऱ्या घरातील एखादी मुलगी पाहत असेल. तिच्या घरी पाठ्यपुस्तकांखेरीज एकही पुस्तक नसेल. जो स्वतः वाचत नाही आणि दुसऱ्यालाही देत नाही, तो आपल्याबरोबर तिचेही नुकसान करतो.

पुस्तके जमविणे हा काही दोष नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादर येथे ‘राजगृह’ बांधले, तेव्हा ग्रंथांसाठी त्यात प्रशस्त जागा राखली. पण ते ग्रंथ शोभेसाठी नव्हते, अभ्यासासाठी होते. साठविलेल्या पाण्याने तहान भागत नाही, ते प्यावे लागते. पुस्तकांचेही तसेच आहे. आज कपाटाचे दार उघडावे, एक पुस्तक निवडावे आणि त्याची दहा पाने वाचावीत. नेमाचा आरंभ एवढ्यानेच होतो.